घट मी बसवला तर चालेल का?

वाचक भगिनीचे पत्र, थोडक्यात: वय 47. यजमान जाऊन सव्वा वर्ष झाले, वर्षश्राद्ध झाले. आमची कुलदेवता तुळजाभवानी. माझे लग्न होऊन या घरात आल्यापासून दरवर्षी नवरात्र बसते. घट यजमान बसवायचे, बाकी सगळे सासूबाई आणि मी करायचो. गेल्या वर्षी वर्षाच्या आत म्हणून काहीच केले नाही. यंदा दीर म्हणतात, ‘वहिनी, टाक (देवांच्या धातूच्या प्रतिमा) आमच्याकडे नेतो, नवरात्र आता आमच्याकडे होईल, तुम्ही दर्शनाला या.’ सासूबाई 74 वर्षांच्या आहेत. सासरे गेल्यापासून ओटी भरायची वेळ झाली की त्या उठून आतल्या खोलीत जातात. त्याही म्हणतात, ‘आपल्याला आता ते शोभत नाही.’ मुलगी 21 वर्षांची. तिचा प्रश्न, ‘जी देवी तुला बाहेर बसवते तिच्यापुढे हात कशाला जोडतेस?’ मध्यंतरी मैत्रिणीच्या आग्रहावरून स्त्रियांच्या एका शिबिराला जाऊन आले. तिथे सांगितले, प्रत्येक स्त्री देवीच असते आणि माझे दुःख म्हणजे शरीरात अडकलेली ऊर्जा. दोन दिवस बरे वाटले, मग आणखीच रिकामे वाटू लागले. रात्री झोप लागत नाही. मला देवी हवी आहे. पण घट मी बसवला, ओटी मी भरली तर चालेल का? आणि मुलीला काय सांगू?

ताई,

तुमचा प्रश्न नेमका कोणाला आहे ते आधी पाहू. देवीला चालेल का, शास्त्राला चालेल का, दिरांना, सासूबाईंना, की शेजारपाजारच्या बायकांना? तुमच्या पत्रात हे सगळे एकाच धास्तीत मिसळून गेले आहेत. ते सुटे केले तर लक्षात येईल की ज्या ‘नाही’ची तुम्हाला सर्वांत जास्त भीती वाटते, ते देवीकडून आलेलेच नाही.

देवीचे म्हणणे शोधायचे तर सप्तशतीइतका जवळचा ग्रंथ नाही. नवरात्रात घरोघरी तिचे पाठ होतात, पण अर्थ लावून वाचणारे थोडे. मार्कंडेय पुराणातले 81 ते 93 हे तेरा अध्याय म्हणजे सप्तशती. तिची सुरुवात कोणापासून होते पाहा. राज्य गमावून रानात आलेला सुरथ राजा, आणि समाधी नावाचा वैश्य, ज्याला पैशाच्या लोभाने बायकोमुलांनीच घराबाहेर काढले आहे. ज्यांनी आपल्याला लोटून दिले त्यांच्यासाठीच आपला जीव का तुटतो, हे दोघांना कळत नाही. मेधा ऋषी त्यावर देवीची कथा सांगतात. म्हणजे ही कथा भरल्या, सुखी घरातल्या माणसांना सांगितलेलीच नाही. ज्यांचे माणूस, घर, जागा गेली त्यांना ती सांगितली आहे. आणि ऐकून झाल्यावर ते दोघे काय करतात? तेराव्या अध्यायात ते नदीकाठी जातात, मातीची मूर्ती करतात, फुले-धूप वाहतात आणि तीन वर्षे आराधना करतात. मध्ये पुरोहिताचा उल्लेखही नाही.

आता देवीचे स्वतःचे. पाचव्या अध्यायात शुंभाचा दूत तिच्याकडे लग्नाची मागणी घेऊन येतो. ती म्हणते, जो मला लढाईत जिंकेल, माझा दर्प उतरवेल, बळाने माझ्या तोडीचा ठरेल, तोच माझा भर्ता होईल. असा कोणी निघत नाही. आठव्या अध्यायात तिच्या देहातून निघालेली शक्ती खुद्द शंकराला दूत म्हणून शुंभाकडे पाठवते, म्हणून तिचे नाव शिवदूती. दहाव्या अध्यायात शुंभ हिणवतो की तू दुसऱ्यांच्या बळावर लढतेस. त्यावर ती सांगते, या जगात मी एकटीच आहे, माझ्याशिवाय दुसरी कोण? आणि बाकीच्या सगळ्या देवी तिच्यात मिसळून जातात. तुमची तुळजाभवानी ही याच महिषासुरमर्दिनीचे अष्टभुजा रूप. तिच्या कपाळावरचे कुंकू कोणाच्या असण्यावर अवलंबून नाही. मग तिच्यापुढे बसायला तुमच्या कपाळावर ते कोणाच्या नावाने असायला हवे, ही अट आली कुठून?

ती आली धर्मशास्त्राच्या निबंधग्रंथांतून, म्हणजे आचारनियम एकत्र करणाऱ्या ग्रंथांतून, जातीच्या रीतींतून आणि घरातल्या धाकातून. जुन्या ग्रंथांत विधवेवर निर्बंध आहेत, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. तुम्हाला कोणी वचन काढून दाखवले तर ते खोटे आहे असे म्हणू नका. मात्र त्याच परंपरेत दुसरेही बरेच काही आहे, आणि तेही तितकेच जुने किंवा त्याहून जुने आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले 125 वे सूक्त, ज्याला आपण देवीसूक्त म्हणतो, ते वाक् आम्भृणी या स्त्रीच्या तोंडचे आहे आणि आठही ऋचांत ती ‘मी’ म्हणून बोलते. दशमहाविद्यांमध्ये, म्हणजे तंत्रमार्गातल्या दहा देवींमध्ये, धूमावती तर विधवाच आहे. पांढरे वस्त्र, हातात सूप, ध्वजावर कावळा, आणि तरीही ती महाविद्या. आपल्या गावांच्या वेशीवरच्या मरीआई, जाखाई, विहिरीवरच्या साती आसरा यांच्या शेजारी तुम्ही कधी नवरा पाहिलात? इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबींनी पुणे परिसरातल्या अशा देवींची ठाणी पायी फिरून पाहिली आणि त्यांतल्या कित्येकींना नवरा नाही, हे आवर्जून नोंदवले. सवाष्ण असणे ही देवीच्या अनेक रूपांतली एक अवस्था आहे. आपण तिला प्रवेशाची अट करून टाकले.

तेव्हा देवीला चालेल का, याचे उत्तर माझ्या मते स्पष्ट आहे. चालेल. नवरात्र हा कुळाचार आहे. त्याचा एकच विधी सर्वांना लागू नसतो. कोणाकडे घट, कोणाकडे नुसता नंदादीप, कोणाकडे फुलोरा, कोणाकडे फक्त माळ. घरचा रिवाज घरचीच माणसे पुढे नेतात आणि तुम्ही घरच्याच आहात. तुम्हाला पुरोहित हवेच असतील आणि नेहमीचे गुरुजी कां कू करत असतील, तर महाराष्ट्रात स्त्री पुरोहित आता नवलाईच्या राहिलेल्या नाहीत. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीने स्त्रियांना पौरोहित्य शिकवले आहे आणि त्यांच्या पोथ्यांत विधी मराठी अर्थासह असतो.

सासूबाईंचे ‘नाही’ मात्र वेगळे आहे. ते ऐकताना घाई करू नका.

त्या इतकी वर्षे ओटीच्या वेळी आतल्या खोलीत जाऊन बसतात. त्यांना कोणी तसे सांगितले होते, की कोणी काही बोलण्याआधी त्या स्वतःच उठून गेल्या? तुमच्या घरात कोणालाच हे ठाऊक नसेल, कारण कोणी विचारलेच नसेल. आज त्या तुम्हाला अडवतात तेव्हा त्या तुमच्या विरोधात आहेत, हे गृहीत धरू नका. तुम्ही घट बसवलात आणि काहीच अघटित झाले नाही, तर त्यांनी आतल्या खोलीत काढलेली वर्षे उगाच गेली, असा त्याचा अर्थ होतो. हे कोणालाही सोसणे कठीण आहे. म्हणून त्यांच्याशी शास्त्रार्थ नको. सप्तशतीतली वचने त्यांच्यावर फेकू नका. एखाद्या दुपारी, मुलगी घरात नसताना, टाक चिंचेने उजळायला घ्या आणि त्यांना शेजारी बसवा. विचारा, ‘मामंजी गेल्यावर पहिल्या नवरात्रात काय झाले होते?’ आणि मग गप्प बसा. उत्तर यायला वेळ लागेल, विषय दोनदा बदलेल. बदलू द्या. त्या दिवशी परवानगी मागायची नाही.

दुसऱ्या वेळी बोलताना त्यांच्याकडे अनुमती न मागता काम मागा. घटाची माती किती घ्यायची, धान्ये कोणती, माळ कितव्या दिवशी कशाची, हे तुमच्या घरात त्यांच्याइतके कोणाला माहीत आहे? ‘आई, धान्य तुम्ही पेरा, घट मी ठेवते, माळ नात बांधेल.’ असे म्हटल्यावर त्या नाही म्हणतीलही. तरी पहिल्या दिवशी त्यांचा पाट देव्हाऱ्यासमोर मांडून ठेवा. पाहुण्यांसमोर त्यांना हाताला धरून पुढे आणू नका. हळदीकुंकवातही हीच चूक फार होते. कोणीतरी चांगल्या हेतूने भर बैठकीत विधवा बाईला कुंकू लावते, सगळ्या बघत राहतात आणि त्या बाईला जमिनीत गडप व्हावेसे वाटते. विचारायचे ते आदल्या दिवशी, एकटीला. करंडा पुढे धरायचा, लावायचे तर तिचे ती लावेल. तुम्हालाही हेच लागू. कुंकू लावावेसे वाटले तर लावा, नको वाटले तर नको. ते न लावल्याने तुम्ही भित्र्या ठरत नाही आणि लावल्याने कोणाचा अपमान होत नाही.

गावचे लोक काय म्हणतील याला उत्तर देताना एक गोष्ट हाताशी असू द्या. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवायला सांगितले. परिपत्रकाने मने बदलत नाहीत हे खरे. पण ‘असे कुठे असते का’ म्हणणाऱ्याला ‘असते’ एवढे सांगता येते.

दिरांचे. त्यांचा हेतू वाईट आहे असे पत्रावरून वाटत नाही. वहिनीवर भार नको, हेही मनात असेल. पण टाक हलले की पुढच्या वर्षीपासून तुम्ही पाहुण्या व्हाल, आणि सासूबाईंना या वयात नऊ दिवस दुसऱ्या घरी राहावे लागेल किंवा नवरात्राविना घरी. भाऊ वेगळे राहू लागले की धाकट्याने नवे टाक घडवून, कुलदेवतेला भेटवून आपल्या देव्हाऱ्यात ठेवायचे, ही रीत कित्येक घरांत आहे. तीच सुचवा. ‘भावजी, तुमच्याकडेही नवरात्र बसू दे, त्यासाठी नवे टाक करू, तुळजापूरला आपण सगळे मिळून जाऊ. हे टाक मात्र आईंच्या डोळ्यांसमोर राहतील.’ यात कोणाचा मान जात नाही. आणि एक आजूबाजूचे पाहून ठेवा. टाकांच्या बरोबरीने घर, शेत, कागदपत्रे यांचाही विषय निघतो आहे का? कधी कधी देव आधी हलतात आणि बाकीचे मागून. हिंदू उत्तराधिकार कायदा, 1956 प्रमाणे मृत्युपत्र नसेल तर पतीच्या स्वतःच्या मिळकतीत पत्नी, मुले आणि पतीची आई यांचा सारखा वाटा असतो. यांच्यापैकी कोणीही असताना भाऊ वारस होत नाही. भांडण नको, पण कुठेही सही करण्याआधी वकिलाला दाखवा.

आता प्रत्यक्ष घट. इथे मी जरा खोलात जाणार आहे, कारण पहिल्यांदा करताना काही बिनसले तर दोष तुमच्या हाताला दिला जाईल. दिवा विझला किंवा धान्य कुजले की कोणीतरी म्हणणारच, ‘बघा, हिने बसवला म्हणून.’ सर्वांत वाईट म्हणजे रात्री अडीच वाजता तुम्हालाही तसेच वाटेल. म्हणून कारणे आधीच माहीत असलेली बरी.

धान्य आठवडाभर आधी तपासा. गहू, जव, ज्वारी, मूग, जे तुमच्या रिवाजात असेल त्यातले प्रत्येकी वीस दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. तीन-चार दिवसांनी पंधरा-सोळा दाण्यांना मोड दिसले तर ते पेरायचे. जुने, किडलेले धान्य मोड धरत नाही, आणि सोललेली डाळ तर कधीच नाही. माती शेतातली घ्या, चाळून ढेकळे आणि खडे काढा. परडीत किंवा पत्रावळीवर तीन बोटे थर पुरे. सगळे मिळून दीड मूठ धान्य पसरा आणि ते झाकेल इतकीच माती वर भुरभुरा. लोक जास्त धान्य टाकतात. दाण्यावर दाणा पडला की आत उष्णता धरते, चौथ्या दिवशी आंबूस वास येतो आणि पांढरी बुरशी चढते. पाण्याचेही तसेच. मातीचा कच्चा, न रंगवलेला घट पाझरतो आणि त्याच्या ओलीवर धान्य उगवते. म्हणून नक्षी काढलेला, ऑइलपेंट लावलेला घट घेऊ नका, तो पाझरत नाही. तुमच्याकडे तांब्याचा कलश असेल तर रोज सकाळी हाताने पाणी शिंपडावे लागेल. माती मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा पण पाणी गळू नये, इतकीच ओल. रोपे पिवळी, लांबडी आली तर घाबरू नका. देव्हाऱ्याच्या कोपऱ्यात उजेड कमी असतो, एवढेच त्याचे कारण.

दिव्याची रंगीत तालीम करा. दोन दिवस आधी तोच दिवा, तीच वात, तेच तेल लावून पाहा की एकदा भरल्यावर किती तास जातो. रात्री भरलेले तेल सकाळपर्यंत पुरले पाहिजे. वात आधी तेलात पूर्ण भिजवा. अखंड दिवा विझतो तो बहुतेक वेळा वाऱ्याने नाही, वात पुढे सरकवताना किंवा काजळी झाडताना. ज्योत बुटकी झाली की काजळी साठली असे समजा. चिमटा लावण्याआधी त्या ज्योतीवरून एक लहान निरांजन पेटवून बाजूला ठेवा, मग निश्चिंतपणे वात साफ करा. तेलात पाण्याचा थेंब गेला तर ज्योत तडतडते, म्हणून फुले वाहताना ओला हात दिव्यावरून नेऊ नका. वर लाकडी फळी, शेजारी पडदा नको. सासूबाई घरात एकट्या असतील तेव्हा दिवा काचेच्या आवरणात ठेवा. आणि एवढे करूनही विझला, तर पुन्हा लावा, नमस्कार करा आणि चहा ठेवा. यजमानांच्या हातूनही कधी तरी विझला असेलच, तेव्हा कोणी त्याचा अर्थ लावला नव्हता.

उपवास नऊ दिवसांचा हवाच असे नाही. झोप नाही, अशक्तपणा आहे, तर उठता-बसता, म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या दिवशीचा, पुरे.

ओटी. देवीची ओटी भरणे आणि आपली ओटी भरून घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीसाठी कुठलीही अट मानायचे कारण नाही. खण, नारळ, ओंजळभर तांदूळ, हळकुंड, सुपारी, खारीक, बदाम, बांगड्या, फूल. नारळाची शेंडी देवीकडे. तयार पाकीट आणू नका. त्यात बहुधा हातभर जाळीचे नायलॉन असते, ज्याचे कोणाला काही शिवता येत नाही. पोलके होईल एवढा सुती खण घ्या आणि दसऱ्यानंतर तो खरोखर वापरेल अशा बाईला द्या. सवाष्ण जेवायला सांगायची असेल तर तिच्या पंगतीत सासूबाईंचे आणि तुमचेही पान मांडा. पंगत आधी की मागून, एवढ्यावरूनच कित्येक बायका आपली पायरी ओळखायला शिकतात.

मुलीचे म्हणणे मला खोडायचे नाही. तिचा अर्धा मुद्दा खरा आहे आणि तो तुम्ही मान्य करा, म्हणजे उरलेल्या अर्ध्यावर बोलता येईल. 1978 मध्ये अमेरिकेत सांताक्रूझच्या परिषदेत कॅरोल ख्राईस्ट या अभ्यासिकेने मांडले होते की स्त्रियांना देवीची गरज आहे, कारण तिच्यामुळे स्त्रीची सत्ता, तिचे शरीर, तिची इच्छा आणि बायकाबायकांमधले नाते या चारही गोष्टींना मान मिळतो. त्या समाजात देव म्हणजे पिताच, त्यामुळे देवीची मूर्ती आली तरी मोठी मोकळीक वाटली. आपल्याकडे देवी कधीच हरवली नव्हती. साडेतीन पीठे आहेत, गल्लोगल्ली मंडप आहेत, आणि तरीही तुमच्या सासूबाई आतल्या खोलीत आहेत. गुवाहाटीच्या कामाख्येला आषाढात अंबुवाचीच्या काळात देवी रजस्वला असते म्हणून देऊळ तीन दिवस बंद ठेवून नंतर उत्सव होतो, आणि देवीच्या विटाळाचा उत्सव करणाऱ्या याच देशात मुली पाळीत देव्हाऱ्याकडे फिरकत नाहीत. म्हणजे देवीला मान असला की बाईला आपोआप मिळतो, हे खरे नाही. मुलीला हेच दिसते आहे. तिचे निदान बरोबर आहे, पण तिचा राग चुकीच्या दारावर धडकतो आहे. बाहेर बसवणारी देवी नाही, माणसे आहेत. घट तुमच्या हातून बसणे हे त्या माणसांना दिलेले उत्तर असू शकते. तिला पटले नाही तरी चालेल. तिला नमस्कार करायला लावू नका, पण माळ बांधायला सांगा आणि पाळी आली तर ‘बांधू नकोस’ म्हणू नका. आईने असे एकदा न म्हणणे कित्येक तासांच्या वादापेक्षा जास्त पोचते.

शिबिराबद्दल. ‘प्रत्येक स्त्री देवी’ हे वाक्य सप्तशतीच्या अकराव्या अध्यायातही आहे, सगळ्या विद्या आणि जगातल्या सगळ्या स्त्रिया ही तुझीच रूपे. पण पाचव्या अध्यायातली ‘या देवी सर्वभूतेषु’ची यादी पूर्ण वाचा. शक्ती, श्रद्धा, लक्ष्मी यांच्या जोडीला तिथे क्षुधा आहे, निद्रा आहे, तृष्णा आहे, भ्रांतीसुद्धा आहे. भूक, झोप, ओढ आणि गोंधळ हेही देवीच. शिबिराने या यादीतले फक्त झगझगीत शब्द उचलले आणि तुमचे दुःख दोष म्हणून बाहेर काढायला घेतले. सव्वा वर्षाचे दुःख ही अडकलेली ऊर्जा नाही, तुमचे माणूस गेले आहे. पुढच्या पायरीसाठी जास्त पैसे, डॉक्टरकडे जाऊ नका असा सल्ला, ‘घरचे लोक तुम्हाला खाली ओढतात’ अशी भाषा, यातले काहीही ऐकू आले तर तिथून उठून या. तुळजापुरात नवरात्राआधी भवानीची मूर्ती सिंहासनावरून हलवून पलंगावर निजवतात, आणि दसऱ्याचे सीमोल्लंघन झाले की पुन्हा कोजागिरीपर्यंत. लढाईच्या आधीही झोप, नंतरही. तुमची झोप जर महिनोन् महिने उडाली असेल, जेवण जात नसेल, जगण्यात अर्थ नाही असे विचार येत असतील, तर मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. 14416 या टेली-मानसच्या शासकीय क्रमांकावर फुकट आणि मराठीत बोलता येते.

वाचनासाठी, जमले तर, अर्थासह रोज थोडेसे: पहिल्या माळेला पहिला अध्याय, दुसरीला दुसरा-तिसरा, तिसरीला चौथा, चौथीला पाचवा, पाचवीला सहावा-सातवा, सहावीला आठवा, सातवीला नववा-दहावा, आठवीला अकरावा, नवमीला बारावा-तेरावा. मोठ्याने वाचा. सासूबाईंना आतल्या खोलीतूनही ऐकू जाईल.

दिरांना फोन मात्र आधी करा, पितृपंधरवड्याच्या सुरुवातीलाच. त्यांनी घरात जागा रिकामी करून, पाहुण्यांना सांगून झाल्यावर ‘टाक नका नेऊ’ म्हणणे अवघड होईल. फोन सासूबाईंच्या समोर करा, आणि आपण मिळून तुळजापूरला कधी जायचे ती तारीख त्याच फोनवर ठरवून घ्या.